पेंडीच्या पोत्यावरचा मजकूर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अध्यात्म, अर्थकारण अशा विषयांवर आपण आजवर पुष्कळ ऐकले आहे. पेंड आणि आंबोण हा विषय मात्र येथे क्वचितच आला असेल. ज्यांच्या चाळीमागे एके काळी गोठा होता आणि आता मोटारी उभ्या असतात, अशा ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी गुरांच्या खाद्यावरील छापील मजकुराचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

उत्तर आपल्या सकाळच्या चहातच आहे. दूध पिशवीतून येवो की रतिबाच्या किटलीतून, ते अखेर कोणत्या तरी दावणीवरून आलेले असते. कल्याणला दुर्गाडीच्या आसपास, रेतीबंदर-गोविंदवाडीच्या बाजूस आजही म्हशींचे तबेले आहेत. पावसाळ्यात खाडीचे पाणी चढले म्हणजे त्या म्हशी वरच्या रस्त्यावर आणून बांधलेल्या आपणांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत दुभती जनावरे आहेत, कोंबड्यांच्या शेडी आहेत. शहरात तर घरोघर कुत्री-मांजरे पाळली जातात आणि त्यांच्या खाद्याची स्वतंत्र दुकाने निघाली आहेत. या साऱ्या मुक्या प्राण्यांना जे खाऊ घातले जाते त्याच्या पोत्यावर, डब्यावर, बाटलीवर काय काय लिहिलेले असते, त्यातले खरे किती, खोटे किती, आणि खोटे असेल तर सरकारला काय करता येते, हा आजचा विषय आहे.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. माझे मामा मुरबाड तालुक्यातले. दोन म्हशी आणि थोडी भातशेती एवढाच त्यांचा संसार. पन्नासएक वर्षांपूर्वी पौष महिन्यात म्हशाच्या यात्रेला ते गेले. म्हशाची यात्रा म्हणजे आपल्या जिल्ह्यातला गुरांचा मोठा बाजार. तेथे बैलांबरोबर घोंगड्या विकल्या जातात, आणि घोंगड्यांबरोबर औषधेही. मामांनी तेथून एका चूर्णाची पिशवी आणली. पिशवीवर म्हशीचे चित्र होते आणि खाली छापले होते की, हे खाद्य आंबोणातून दिल्यास दूध वाढते, कासेचे सर्व रोग बरे होतात आणि जनावर वेळेवर गाभण राहते. पुढे दोन महिन्यांनी एका म्हशीला दगडी झाली. कास सुजली, दुधात गुठळ्या येऊ लागल्या. मामांनी आठ दिवस ते चूर्ण मोठ्या श्रद्धेने खाऊ घातले. नवव्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलावले तेव्हा एक सड कायमचा गेलेला होता. चार सडांपैकी एक गेला म्हणजे त्या बाजूचे दूध त्या म्हशीच्या उरलेल्या सगळ्या वेतांतून गेले. मी तेव्हा शाळेत होतो. मामांना विचारले, "तुम्ही आधीच डॉक्टरांना का नाही बोलावलंत?" ते म्हणाले, "अरे, छापलेलं होतं ना ते!"

ते वाक्य मी विसरलो नाही. वैदू तोंडी बोलतो तेव्हा ऐकणारा निम्मे वजा करून ऐकतो. तेच छापून पोत्यावर आले की कोणीतरी तपासून, मंजुरी देऊन ते छापू दिले असावे असे साध्या माणसाला वाटते. वस्तुतः तसे कोणी तपासलेले असतेच असे नाही.

खाद्य कोणते आणि औषध कोणते?

कायद्याकडे वळण्यापूर्वी वस्तूंची ओळख करून घेऊ. दुभत्या जनावराला वैरण लागते, म्हणजे गवत, कडबा, पेंढा. त्यावर आंबोण लागते, म्हणजे सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड, कोंडा, भुसा, चुणी, मका यांचे मिश्रण. हेच मिश्रण कारखान्यात दळून, कांड्या पाडून पोत्यात भरले की त्याला पशुखाद्य म्हणतात. याखेरीज मीठ, कॅल्शियम, फॉस्फरस, तांबे, जस्त अशा क्षारांचे मिश्रण आणि जीवनसत्त्वे थोड्या प्रमाणात देतात. त्यांना पूरक खाद्य म्हणावे. आणि तिसरे औषध. ते रोग बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी असते.

खाद्याचे काम मोठे आहे, हे आधीच मान्य करू. उपाशी म्हैस दूध देणार नाही. आहारात क्षार कमी असतील तर जनावर माजावर येण्यास उशीर लागतो. ज्यादा दुधाची म्हैस व्याल्याबरोबर तिच्या रक्तातले कॅल्शियम एकाएकी घसरून ती आडवी पडते. तेव्हा चांगल्या आहाराने जनावर चांगले राहते, हे म्हणण्यात काहीही खोटे नाही. खोटेपणा सुरू होतो तो यापुढे. चांगला आहार हा एक, आणि कासदाहावरचा उपाय हा दुसरा. कासदाह जंतूंमुळे होतो. त्यावर कोंडा आणि मीठ यांचे मिश्रण कितीही उत्तम दळले तरी चालत नाही. लाळ-खुरकूत विषाणूंमुळे होते. त्याला प्रतिबंध लसीने होतो, चूर्णाने होत नाही. बुळकांडीचा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. या रोगाने आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या गोठे रिकामे केले. त्यावर नवस झाले, काढे झाले, धूप झाले. तो गेला तो लसीकरणाने आणि गावोगावच्या देखरेखीने. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग.

दोन खुर्च्यांमधली वस्तू

आता कायदा. १९५४ साली आपल्या संसदेने दोन कायदे केले. एक अन्नभेसळ प्रतिबंधाचा आणि दुसरा औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. अन्नभेसळीच्या कायद्यात अन्न म्हणजे माणसाचे अन्न. त्याच्या जागी २००६ साली अन्नसुरक्षेचा कायदा आला; त्यानेही जनावरांचे खाद्य अन्नाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले. म्हणजे पेंडीच्या पोत्यात काय आहे हे पाहण्याचे काम अन्न-निरीक्षकाच्या नेहमीच्या अखत्यारीत येत नाही. आणि पेंड औषध नसल्यामुळे औषध-निरीक्षकही तिच्याकडे वळत नाही. असे हे पोते दोन खुर्च्यांच्या मध्ये जमिनीवर पडून राहिले. व्यापाऱ्यांतल्या अप्रामाणिक मंडळींना ही जागा फार सोयीची वाटली यात नवल नाही. औषधाचे गुण सांगायचे आणि परवाना विचारला की "हे तर नुसते खाद्य" म्हणायचे!

परंतु कायदा इतका भोळा नाही. १९४० च्या औषध कायद्यात औषधाची जी व्याख्या आहे ती नीट वाचली पाहिजे. माणसांच्या किंवा जनावरांच्या पोटात घेण्याची अगर बाहेरून लावण्याची सर्व औषधे तर तीत येतातच. पण त्याखेरीज माणसांच्या किंवा जनावरांच्या रोगाचे निदान, उपचार, उपशम किंवा प्रतिबंध करण्यासाठी योजिलेले सर्व पदार्थही येतात. यातला 'योजिलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. पदार्थ कशाचा बनला आहे एवढेच कायदा विचारत नाही. तो कशासाठी म्हणून विकला जातो हे विचारतो.

याचा परिणाम पाहा. समजा, एका पिशवीत कोंडा, मीठ, मेथी आणि थोडा चुना आहे. पिशवीवर "दुभत्या जनावरांसाठी पूरक खाद्य, प्रथिने इतके टक्के, कॅल्शियम इतके टक्के, रोज इतके द्यावे" असे छापले तर ती पिशवी खाद्य आहे. त्याच पिशवीवर "कासदाह बरा होतो, गर्भपात टळतो" असे छापले की आतल्या कोंड्यात कणभरही फरक न पडता ती पिशवी कायद्याच्या दृष्टीने औषध ठरते. औषध म्हटले की ते बनविण्यास परवाना पाहिजे, विकण्यास परवाना पाहिजे. तो नसेल तर गुन्हा, आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास कमीत कमी तीन व जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे. शिवाय दंड किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती. तेव्हा बनविणाऱ्याने गिऱ्हाइकाला भुलविण्यासाठी जे शब्द छापले तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतात.

जनावरांचे औषध खरोखरच परवान्याने केलेले असेल तर ते ओळखण्याचीही सोय आहे. केवळ जनावरांच्या उपचारासाठी केलेल्या औषधावर, ते मनुष्याच्या वापरासाठी नाही असे ठळक लिहावे लागते आणि पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह छापावे लागते. दूध, अंडी, मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस दूध-अंडी विकू नयेत हेही लिहावे, असा नियम २०१२ सालापासून आहे. मुदत लिहिलेली नसेल तेथे दूध व अंडी यांना किमान सात दिवस आणि कोंबड्या-गुरांच्या मांसाला किमान अठ्ठावीस दिवस धरावेत, असे नियमच सांगतो.

दुसरा कायदा जाहिरातींचा, १९५४ चा. तो १ एप्रिल १९५५ पासून अमलात आला. आपल्यापैकी बहुतेकांना तो माणसांच्या गुप्तरोगांच्या आणि ताईत-गंड्यांच्या जाहिरातींपुरता आहे असे वाटते. पण त्यातही औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर जनावरे स्पष्ट शब्दांत आहेत. आणि जाहिरात म्हणजे केवळ वर्तमानपत्रातली नव्हे. सूचनापत्रक, चिठ्ठी, वेष्टन आणि वेष्टनावरचा मजकूर हीसुद्धा जाहिरातच. त्या कायद्याचे चौथे कलम औषधाच्या खऱ्या स्वरूपाविषयी चुकीची समजूत करून देणारी, खोटा दावा करणारी किंवा अन्यथा दिशाभूल करणारी जाहिरात मनाई करते. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. जाहिरात हा भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, सबब कायदा घटनाबाह्य आहे, असा युक्तिवाद झाला. १९५९ च्या डिसेंबरात 'हमदर्द दवाखाना' खटल्याचा निकाल लागला. निषिद्ध औषधांची व्यापारी जाहिरात हे विचारस्वातंत्र्य नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. मात्र जप्तीचा अमर्याद अधिकार देणारे कलम आणि रोगांची यादी हवी तशी वाढविण्याची सत्ता देणारा भाग रद्द केला. १९६३ मध्ये त्यानुसार कायदा दुरुस्त झाला. नागरिकाच्या रक्षणासाठी सरकारला अधिकार हवा, पण तो मोजून दिलेला हवा, हे तत्त्व या निकालात आपणांस दिसते.

"पण आमच्या म्हशीला गुण आला!"

येथे एखादा गोठेवाला उठून म्हणेल, "कायदा राहू द्या. मी ते चूर्ण दिले आणि आठ दिवसांत दूध दोन शेर वाढले. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की तुमच्या कलमांवर?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो खोटे बोलत नाही. त्याच्या म्हशीचे दूध खरेच वाढलेले असते. प्रश्न एवढाच की, ते कशामुळे वाढले?

म्हैस व्याल्यावर पहिले काही आठवडे तिचे दूध आपोआप चढत जाते; साधारण दुसऱ्या महिन्यात ते शिखरावर पोचते आणि मग हळूहळू उतरते. गोठेवाला पूरक खाद्य केव्हा सुरू करतो? म्हैस नुकतीच व्याली म्हणजे. मग दूध तर चढणारच होते. दुसरे, आपल्याकडे पुष्कळ म्हशी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत वितात. त्याच वेळी हिरवा चारा मुबलक असतो. तिसरे, पिशवीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, "यासोबत रोज दोन किलो सरकी पेंड व भरपूर पाणी द्यावे." दूध वाढते ते पेंडीने, आणि नाव होते चूर्णाचे. चौथे, जनावर आजारी पडते तेव्हा आपण उपाय करतो, आणि अनेक आजार काही दिवसांनी आपसूक बरे होतात. यालाच आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे होत नाही.

मग खरे कसे ठरवावे? रीत सोपी आहे. एकाच वेळी व्यालेल्या, सारख्या दुधाच्या वीस म्हशी घ्याव्यात. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडावेत. दोन्ही गटांना चारा-पाणी अगदी सारखे द्यावे. एका गटाच्या आंबोणात ते चूर्ण घालावे, दुसऱ्याच्या आंबोणात तसेच दिसणारे काही निरुपद्रवी घालावे. धार काढणाऱ्याला कोणती म्हैस कोणत्या गटातली हे सांगू नये. दोन महिने दोन्ही वेळचे दूध मोजून लिहावे आणि मग तुलना करावी. चूर्णात खरोखर गुण असेल तर तो आकड्यांत दिसेल. ज्या कारखानदाराने हे केले आहे त्याने आपले आकडे दाखवावेत. त्याला कोणाची भीती नाही. ज्याने हे केलेले नाही त्याने "शंभर टक्के गुण" असे छापण्याचा अधिकार कोठून मिळवला?

हा रोग केवळ आपल्या देशातला आहे असे समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गुरांसाठी मसालेदार 'स्टॉक फूड' विकण्याची मोठी लाट आली होती. तेथील शेतकी प्रयोगशाळांनी ही खाद्ये तपासली तेव्हा बहुतेकांत साधा कोंडा किंवा पीठ आणि त्यात मीठ, मेथी, कोळसा, गंधक असल्या वस्तू निघाल्या; किंमत मात्र कोंड्याच्या अनेकपट. १९०६ साली तेथे अन्न व औषधांचा कायदा झाला. पण १९११ मध्ये, कर्करोगावरच्या एका उपायाच्या खटल्यात, तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हा कायदा घटक-पदार्थांविषयीच्या खोट्या विधानांपुरता आहे. गुणांविषयीच्या खोट्या दाव्यांना तो लागू नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलला, तरीही विकणाऱ्याचा फसविण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. "मला खरेच तसे वाटत होते" असे म्हणून आरोपी निसटत. ही पळवाट १९३८ साली बुजली. आपल्या १९५४ च्या कायद्याने ती पहिल्यापासूनच ठेवली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

नुकसान कोणाचे?

काही जण म्हणतील, चूर्णाने फायदा नाही तर नाही. तोटा तरी काय? तोटा तिहेरी आहे. पहिला पैशाचा, ज्याची मिळकत रोजच्या दहा-वीस लिटर दुधावर आहे त्याच्या दृष्टीने तो लहान नव्हे. दुसरा वेळेचा. माझ्या मामांच्या म्हशीचा सड चूर्णातल्या विषाने गेला नाही, वाया गेलेल्या आठ दिवसांनी गेला. साथीच्या दिवसांत हे फार घडते, कारण भीती हाच अशा विक्रीचा हंगाम होय. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी त्वचारोग राज्यभर पसरू लागला. लम्पीवर सरकारने शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली. अशा वेळी लस टोचून घेण्याऐवजी ज्याने एखाद्या पुड्यावर विश्वास टाकला असेल त्याने आपले जनावर तर धोक्यात घातलेच, पण शेजाऱ्याचेही घातले.

तिसरा तोटा सगळ्यांत गंभीर, आणि तो आपल्या घरापर्यंत येतो. कधी कधी पिशवीत नुसता कोंडा नसतो. गुण यावा म्हणून त्यात नाव न लिहिता किंवा गोंडस नावाने खरे औषध घातलेले असते. १९५० च्या सुमारास अमेरिकन संशोधकांना असे आढळले की, कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविक अल्प प्रमाणात घातले तर पिले लवकर वजन धरतात. तेथून 'वाढवर्धक' म्हणून प्रतिजैविके पोत्या-पोत्यांनी खाद्यात जाऊ लागली. पण जंतूंना रोज थोडेथोडे औषध चारले की त्यांतले चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. ब्रिटनमध्ये १९६९ सालच्या स्वान समितीने हा धोका सांगितला. स्वीडनने १९८६ साली असा वापर बंद केला, युरोपीय संघाने २००६ पासून. कोलिस्टिन नावाचे एक औषध आहे. इतर सर्व औषधे हरली म्हणजे डॉक्टर रुग्णासाठी ते काढतात. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यातून वाढीसाठी दिले जात होते. २०१५ साली चीनमध्ये असे दिसून आले की, कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एक जंतू दुसऱ्याला उसना देऊ शकतो, आणि तो डुकरांत व माणसांतही सापडला. यानंतर १९ जुलै २०१९ रोजी केंद्र सरकारने अन्नोपयोगी जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य-पूरके यांसाठी कोलिस्टिन बनविण्यास, विकण्यास व वाटण्यास मनाई केली. "वजन झपाट्याने वाढते" या पोत्यावरच्या तीन शब्दांचा इस्पितळातल्या अतिदक्षता विभागाशी असा संबंध आहे.

पोत्यावरचे आकडेसुद्धा डोळे मिटून मानण्यासारखे नसतात. प्रथिने किती हे प्रयोगशाळेत बहुधा नत्र मोजून ठरवितात. निघालेल्या नत्राला सव्वासहाने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. मग ज्या पदार्थात नत्र भरपूर आहे तो मिसळला की आकडा आपोआप फुगतो. २००७ साली मेलामाइन नावाचे रसायन मिसळलेल्या आयात मालामुळे अमेरिकेत कुत्री-मांजरे मेली. त्या वेळी ही जनावरांची गोष्ट म्हणून अनेकांनी दुर्लक्ष केले. दुसऱ्याच वर्षी चीनमध्ये तेच रसायन बालकांच्या दुधात निघाले आणि सुमारे तीन लाख मुले आजारी पडली. जनावराच्या ताटातली लबाडी माणसाच्या ताटात यायला एक वर्ष पुरले.

बुरशीचे उदाहरण याहून जुने. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता बुरसलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतले अफ्लाटॉक्सिन हे विष हाती लागले. गाय-म्हैस ते खाते तेव्हा त्याचा अंश दुधात उतरतो. २०१८ साली आपल्या देशातील दुधाची जी मोठी पाहणी झाली तीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेबाहेर निघाले. म्हणजे सुमारे पावणेसहा टक्के. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर होते. आपण वर्षानुवर्षे दुधात पाणी किती हे विचारत आलो. यापुढे गव्हाणीत काय हेही विचारले पाहिजे.

निरीक्षक काय करतो?

आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन हे खाते १९७० सालापासून आहे. त्याचे कोकण विभागाचे कार्यालय ठाण्याला वागळे इस्टेटीत आहे. औषध-निरीक्षकाला दुकानात, गोदामात, कारखान्यात जाऊन तपासणी करता येते, झडती घेता येते, माल जप्त करता येते, किंवा वीस दिवसांपर्यंत तो विकू नये असा हुकूम देता येतो. नमुना घेताना त्याची किंमत देऊ करावी लागते आणि नमुन्याचे सामान्यतः चार भाग करून मोहोरबंद करावे लागतात. एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला, एक सरकारी पृथक्करणतज्ज्ञाला, एक न्यायालयासाठी, आणि एक ज्याच्याकडून माल आला असे सांगितले जाते त्याला. ही किचकट पद्धत आरोपीला नाडण्यासाठी नाही. त्याला आपला भाग स्वतंत्रपणे तपासून घेता यावा यासाठी आहे.

तथापि, कायदा कागदावर चांगला आहे म्हणजे काम झाले असे नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ साली सुचविले होते की, दर पन्नास कारखान्यांमागे एक आणि दर दोनशे विक्री-दुकानांमागे एक निरीक्षक असावा. भिवंडीच्या गोदामांची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे काम किती मोठे आहे हे सांगावयास नको. शिवाय शब्दांची लबाडीही शहाणी झाली आहे. "रोग बरा होतो" असे न लिहिता "प्रतिकारशक्तीला साहाय्य", "कासेचे आरोग्य राखते" असे लिहितात. हे खाद्य की औषध, यावर वकिलांना भरपूर बोलता येते. पोत्यातल्या मालासाठी भारतीय मानक आहे. गुरांच्या मिश्रखाद्याचे मानक आय. एस. २०५२ या क्रमांकाचे. २०२० च्या सुमारास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुभत्या व मांसाच्या जनावरांचे व्यापारी खाद्य मानकांनुसार असावे असे निर्देश काढले, पण त्यांच्या अंमलाची मुदत पुढे ढकलण्यात आली. दोन खुर्च्यांमधली ती जागा अजून पुरती भरलेली नाही.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. हा सारा खटाटोप आपल्या घरगुती ज्ञानावर घाला घालण्यासाठी आहे काय? मुळीच नाही. आजीने व्यालेल्या गाईला गूळ-मेथी-बाजरीची घुगरी घातली तर कोणताही कायदा तिच्या आड येत नाही. आयुर्वेदात पशुचिकित्सा आहे आणि जनावरांची आयुर्वेदिक औषधे परवान्याने बनविता येतात. कायद्याचा रोख त्या माणसावर आहे, जो परवाना व पुरावा यांपैकी काहीच न बाळगता रोगाचे नाव छापून पैसे घेतो.

आपण काय करावे?

पहिले, मजकूर वाचावा. बनविणाऱ्याचे नाव व पत्ता आहे काय? रोग बरा करण्याचा दावा असेल तर औषध-परवान्याचा क्रमांक आहे काय? आय.एस.आय. चिन्ह असेल तर त्याखाली परवान्याचा क्रमांक आहे काय? चिन्ह कोणीही छापू शकतो. क्रमांक पडताळून पाहता येतो. दुसरे, पावती घ्यावी. पावतीवाचून तक्रार उभी राहत नाही. तिसरे, तक्रार करावी. अन्न व औषध प्रशासनाचा विनाशुल्क दूरध्वनी १८००-२२२-३६५ आहे, ग्राहकांसाठी १९१५ आहे, आणि आजारी जनावरासाठी फिरत्या दवाखान्याचा १९६२. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. पोटापाण्यासाठी स्वतः राबून दोन म्हशी पाळणारा माणूस हा त्या कायद्याच्या दृष्टीने व्यापारी नव्हे, ग्राहकच आहे, हेही लक्षात ठेवावे. आणि चौथे, घरात कुत्रे-मांजर असेल तर लसीची जागा कोणत्याही डब्यातल्या खाद्याला देऊ नये.

आपण वाचनालयांच्या गावांत राहतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. छापील अक्षराविषयीचा आदर या गावांच्या हाडीमाशी खिळलेला आहे, आणि तो असावाच. पण माझ्या मामांना त्याच आदराने फसविले. त्यांना वाचता येत होते. वाचलेले तपासावे कसे आणि विचारावे कोणाला, हे सांगणारे त्यांच्या जवळ कोणी नव्हते. आज आपल्या घरी दूध घालायला जो गवळी येतो, किंवा गावाकडे ज्यांचे दोन जनावरांवर घर चालते असे आपले जे आप्त आहेत, त्यांच्याजवळ आपण तेवढे सांगणारे व्हावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.